अहवालातला ‘कमी धोका’ कोणाच्या तुलनेत?

प्रश्न गोव्यातल्या फोंड्याहून आला आहे. लिहिणाऱ्या ताईंचे यजमान ४४ वर्षांचे. सासऱ्यांना ५१ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, थोरल्या दिरांची ४६ व्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. यजमानांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं म्हणून डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी स्टॅटिनची गोळी सुरू केली. यंदा चतुर्थीला बंगळुरूहून घरी आलेल्या मुलाने वडिलांची थुंकीवरून होणारी जनुकीय चाचणी करवली. अहवालात हृदयविकाराचा जनुकीय धोका ‘सरासरीपेक्षा कमी’ आला, कमी धोक्याकडून जास्तीकडे मोजत गेलं तर शंभरात ३१ वा क्रमांक. तेव्हापासून यजमानांनी गोळी सोडली आहे. ताई विचारतात, या अहवालावर किती भरवसा ठेवायचा? मुलगा डेटा सायन्स शिकतो, त्याचा प्रश्न वेगळा आहे. हे अंदाज युरोपीय वंशाच्या लोकांसाठी बरे आणि इतरांसाठी कच्चे असतात असं त्याने वाचलं आहे. ते आपल्यासाठी सुधारायचे तर नेमकं काय करावं लागतं?

ताई, मुलाच्या प्रश्नाकडे येतोच, पण आधी गोळीचं. जनुकीय स्कोअर कमी आला म्हणून चालू औषध बंद करायचं नसतं. वाढलेलं कोलेस्टेरॉल रक्तात मोजलेलं आहे. दिरांची अँजिओप्लास्टी घडून गेलेली गोष्ट आहे. अहवालातला ३१ हा मात्र अंदाज आहे, आणि तो ज्या लोकांच्या माहितीवर बेतला आहे त्यांत तुमच्या घरातलं, गावातलं कोणी नव्हतं, बहुधा देशातलेही अगदी थोडे होते. ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांना याच आठवड्यात भेटा, अहवालही दाखवा आणि गोळी कधी थांबली ती तारीख न लपवता सांगा. मी हे जरा आग्रहाने लिहितो आहे, कारण गेल्या चार-पाच वर्षांत माझ्यासमोर अशी तीन घरं आली आहेत आणि त्यांतल्या एका घरात आम्हाला उशीर झाला.

आता हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. आपल्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. बहुतेक सगळी सर्वांची सारखी, पण लाखो ठिकाणी माणसामाणसांत एका अक्षराचा फरक असतो. हृदयविकार झालेले हजारो लोक आणि न झालेले हजारो लोक घेऊन प्रत्येक जागा तपासतात आणि कुठलं अक्षर रुग्णांत जास्त वेळा दिसतं ते बघतात. २००७ साली नवव्या गुणसूत्रावरची अशी एक जागा सापडली, ती आजही हृदयविकाराची सर्वांत ठळक सामान्य खूण मानली जाते. तिथलं धोक्याचं अक्षर एका पालकाकडून आलं तर धोका साधारण पाव पटीने वाढतो. बाकी जागांचा परिणाम याहून खूप लहान, कित्येकांचा तर नगण्य. पण लाखो नगण्य गोष्टींची बेरीज नगण्य राहत नाही. प्रत्येक जागेला एक वजन द्यायचं, माणसाकडे ते अक्षर शून्य, एक की दोन वेळा आहे त्याने गुणायचं आणि सगळं मिळवायचं. वाण्याच्या बिलासारखा हिशोब, फक्त यादी फार लांब. २०१८ साली गाजलेल्या हृदयविकाराच्या एका स्कोअरमध्ये ६६ लाख जागा होत्या, आणि त्यावरून ब्रिटनमधल्या लोकांपैकी ८ टक्के असे निवडता आले की ज्यांचा धोका इतरांच्या तिप्पट किंवा जास्त होता. माझ्या मते ही मोठी गोष्ट आहे. म्हणून हे शास्त्र कामाचं नाही असं मी कधी म्हणत नाही. प्रश्न एवढाच की वजनं कोणाला तोलून ठरवली.

ती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांना तोलून ठरली आहेत. २००९ साली अशा अभ्यासांतले ९६ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, दहा वर्षांनीही तो आकडा ७९ टक्क्यांच्या आसपास होता, आणि जगाच्या लोकसंख्येत ते साधारण १६ टक्के आहेत. यूके बायोबँक, म्हणजे ब्रिटनमधला नमुने आणि आरोग्याच्या नोंदींचा संग्रह, हा त्यातला सर्वांत मोठा आधार. २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाचे ५ लाख लोक त्यात आले, बहुतेक गोरे ब्रिटिश. २०१९ साली शरीराच्या सतरा वेगवेगळ्या गुणधर्मांवर हे स्कोअर तपासले गेले. युरोपीय लोकांच्या तुलनेत अचूकता दक्षिण आशियाई लोकांत सुमारे ३७ टक्के कमी निघाली, पूर्व आशियाईंत ५० टक्के आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांत ७८ टक्के कमी.

असं का होतं? आमच्याकडे सत्तरी तालुक्यात घराचा पत्ता सांगताना नंबर कोणी सांगत नाही. ‘वडाकडे उतरा, समोरचं कौलारू घर.’ वड म्हणजे घर नव्हे, पण त्या गावात वड सापडला की घर सापडतं. चाचणीत डीएनए वाचणाऱ्या जनुकीय चिपचंही असंच आहे. ती साधारण सहा-सात लाख जागा वाचते. त्यांतल्या बहुतेक जागा रोगाचं कारण नसतात, खऱ्या कारणाच्या शेजारी असतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासोबत एका तुकड्यात वारशाने येतात. ब्रिटनमधल्या लोकांत वड आणि घर शेजारी आहेत, म्हणून वजन वडाला दिलं गेलं. दर पिढीत गुणसूत्रांचे तुकडे तुटून नव्याने जुळतात. प्रत्येक समाजात ही तोडजोड वेगळी झाली. आपल्याकडे कित्येक ठिकाणी वड आहे पण घर दुसऱ्याच वाड्यावर आहे. अशा वेळी स्कोअर वडाचेच गुण मोजत बसतो. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे तुकडे सर्वांत लहान आहेत, कारण त्यांचा इतिहास सर्वांत जुना आहे. म्हणून तिथे अचूकता सर्वांत जास्त घसरते.

दुसरं कारण अहवाल वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही, पण तुमच्या ३१ या आकड्याशी त्याचा थेट संबंध आहे. समजा, यादीतलं एक अक्षर ब्रिटनमध्ये शंभरातल्या ३० गुणसूत्रांवर आहे आणि आपल्याकडे १५ वर. आपल्याकडे त्याचा रोगाशी काही संबंध असो वा नसो, आपल्या सगळ्यांची बेरीज तेवढी कमी भरते. दुसरं एखादं अक्षर आपल्याकडे जास्त असेल तर बेरीज तेवढी वाढते. लाखो जागांचं असं झालं की एका समाजाच्या स्कोअरची सरासरीच इकडेतिकडे सरकते, आणि या सरकण्याचा प्रत्यक्ष रोगाशी संबंध असेलच असं नाही. मग शंभरात क्रमांक लावताना माणूस कोणाच्या रांगेत उभा केला यावर सगळं ठरतं. आठवीतल्या मुलाला दहावीच्या रांगेत उभं केलं तर तो बुटका दिसेल, पाचवीच्या रांगेत उंच दिसेल. त्याची उंची तीच राहते.

एका रुग्णाचं सांगतो. डिचोलीकडचे गृहस्थ, वय पन्नाशीच्या आत, प्लास्टिकच्या फाइलमध्ये अहवाल नीट लावून आणलेला. क्रमांक २२ वा. त्यांनी चाचणीची कच्ची फाइल उतरवून घेतली होती, ते बरं झालं. आमच्या सहकाऱ्याने तोच स्कोअर भारतीय नमुन्यांच्या रांगेत लावून पाहिला, तर क्रमांक पन्नाशीच्या वर गेला. एक अक्षरही बदललं नव्हतं, फक्त रांग बदलली होती. अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की तुलनेचा गट युरोपीय आहे. पहिल्या पानावर मात्र हिरव्या रंगाचा बाण होता, आणि त्यांनी तोच पाहिला. ताई, तुमच्या अहवालाचं शेवटचं पान आधी वाचा.

तिसरी गोष्ट शंभरातल्या क्रमांकापलीकडची आहे. क्रमांक बरोबर लागला तरी तो धोका सांगत नाही, रांगेतली जागा सांगतो. ज्या रांगेत सगळ्यांनाच धोका जास्त आहे तिथे ३१ वा असणंही फार दिलाशाचं नसतं. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या रुग्णांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आलेला दिसला, इतर देशांतल्या रुग्णांना सुमारे ५९ व्या वर्षी. ब्रिटनमध्ये डॉक्टर वापरतात त्या क्यूरिस्क या साध्या, जनुकं न पाहणाऱ्या गणितातही भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी असण्याला वेगळं वजन आहे. आणि मधुमेह हा धोका वाढवतो, त्याबाबत आपल्या गोव्याचं चित्र भारताच्या सरासरीहूनही वेगळं आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत, जिचे निकाल २०२३ साली आले, देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के निघालं, देशात सर्वांत जास्त. एका-दोन पिढ्यांत एवढी वाढ होते तेव्हा ती जनुकं बदलल्यामुळे होत नाही. खाणं, बैठं काम, वाढलेलं आयुष्य, वेळेवर होणाऱ्या तपासण्या, असं बरंच काही त्यात आहे. पण ज्या गणितात पायाच ११ धरला आहे ते गणित इथल्या माणसाला धोका कमीच सांगणार. म्हणून चांगल्या स्कोअरला स्थानिक आकड्यांवर बसवून घ्यावं लागतं. शिंपी तयार सदरा खांद्यात बसवून देतो तसं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यावर कोणी बातमी करत नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त फरक त्यानेच पडतो.

आता ‘भारतीय’ या शब्दाबद्दल. जीनोम म्हणजे माणसाचा पूर्ण डीएनए. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘हजार जीनोम’ प्रकल्पाच्या संचात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, आणि ब्रिटनमध्ये राहणारे तेलुगू व श्रीलंकेचे तमिळ. मराठी-कोकणी पट्ट्यातला एकही नाही. पण नुसतं अंतर हाच प्रश्न नाही. आपल्याकडे शतकानुशतकं लग्नं जातीतच होत आली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातले २६३ गट तपासले, त्यांतल्या ८१ गटांमध्ये मूळ पूर्वज इतके थोडे होते की त्यासाठीच ओळखले जाणारे फिनलंडचे लोक किंवा युरोपातले अश्केनाझी ज्यू यांच्यापेक्षाही त्यांचा आरंभ अरुंद ठरला. अशा गटात एखादा दुर्मीळ दोष एका पूर्वजाकडून आला की तो घरोघरी पोचतो. बाहेरच्या कोणत्याही यादीत त्याचं नावही नसतं.

म्हणून माझ्या टेबलावर वंशावळ मांडताना मी कुळदेवता आणि मूळ गाव विचारतो. नवीन आलेल्या सहकाऱ्यांना ते आधी विचित्र वाटतं. पण ‘म्हाळसा’, ‘मंगेशी’, ‘शांतादुर्गा’, ‘सातेरी’, आणि त्यापुढे ‘आजीचं माहेर काणकोणचं, आईचं माहेर पेडण्याचं’ एवढं कागदावर आलं की कोणाची सोयरीक कोणाकडे फिरून फिरून झाली ते दिसतं. ख्रिस्ती घरांतही हेच विचारावं लागतं, फक्त शब्द बदलतात: मूळ वाडा कुठला, लग्नं कुठल्या गावांतून होतात. गोव्यातले कॅथलिक म्हणजे पोर्तुगीज रक्त, असं बाहेरचे लोक सहज बोलून जातात. गोवा, कुमठा आणि मंगळूरच्या रोमन कॅथलिकांवर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवलं की त्यांची मुळं मुख्यतः इथल्याच जुन्या समाजात आहेत, आणि बरेचसे गौड सारस्वतांना जनुकीयदृष्ट्या जवळचे आहेत. म्हणजे आडनावावरून, धर्मावरून जनुकीय अंदाज बांधणाराही फसतो.

यावरून मुलाच्या मनात लगेच येईल की मग प्रत्येक जातीचा वेगळा स्कोअर करावा. माझं मत ठामपणे याविरुद्ध आहे. एक तर कुठल्याच एका जातीत पुरेसे रुग्ण मिळणार नाहीत. दुसरं, माणसं डब्यांत राहत नाहीत. २०२३ साली ८४ गुणधर्मांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की ज्या लोकांवर स्कोअर शिकवला त्यांच्यापासून माणूस जनुकीयदृष्ट्या जसजसा दूर जातो तसतशी अचूकता उतरत जाते, हळूहळू, मध्ये कुठेही भिंत नसते. ज्यांना आपण एकाच नावाच्या गटात घालतो त्यांच्यातही मधल्या माणसासाठी स्कोअर बरा, काठावरच्यासाठी कच्चा. त्यामुळे अहवालाने माणसाला डब्यात टाकण्याऐवजी त्याचं अंतर मोजावं आणि त्याप्रमाणे ‘आमचा अंदाज तुमच्याबाबतीत इतका सैल आहे’ असं स्पष्ट लिहावं. हे आज करता येतं. शिवाय एकाच वंशाच्या ब्रिटिश लोकांतसुद्धा वय, स्त्री-पुरुष आणि सांपत्तिक स्थिती बदलली की काही स्कोअरची अचूकता बदलते, हे २०२० साली दाखवलं गेलं आहे. सगळा दोष वंशावर टाकून चालत नाही.

आपल्याकडेच असलेल्या खुणांचं एक उदाहरण सांगतो, कारण त्यातून किती जपून चालावं लागतं ते कळतं. हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या जनुकात, एमवायबीपीसी३ त्याचं नाव, २५ अक्षरं गळलेली असतात. दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत हे सापडतं, युरोपात जवळजवळ नाहीच. २००९ साली भारतीय रुग्णांवरच्या कामातून कळलं की हृदयाचे स्नायू निकामी होणाऱ्या रुग्णांत ही गळती कितीतरी जास्त दिसते. घरोघरी घबराट व्हावी असा हा निष्कर्ष होता. पुढे २०१८ नंतरच्या कामाने चित्र बारीक केलं: गळती असलेल्या काही जणांत त्याच तुकड्यावर, जवळच, आणखी एक बदल असतो आणि धोक्याचा मोठा भाग त्याच्याकडे जातो. म्हणजे इथेही वड आणि घर वेगळे निघाले. युरोपीय माहितीत ही गळतीच नाही, त्यामुळे तिथल्या स्कोअरला यातलं काहीच कळणं शक्य नव्हतं. ते शोधायला आपलेच रुग्ण लागले, आणि नीट समजून घ्यायला आणखी आपलेच रुग्ण लागले.

मग सुधारणा कशी होते? गणिताच्या बाजूने बरंच झालं आहे. पूर्वी एकाच वंशाच्या अभ्यासातली वजनं सरळ उचलत. आता अनेक वंशांचे अभ्यास एकत्र वाचतात. पीआरएस-सीएसएक्स ही २०२२ साली आलेली पद्धत त्यातली एक. प्रत्येक समाजाचा वड-घराचा नकाशा वेगळा ठेवायचा, जिथे सगळ्यांत संकेत सारखा दिसतो तिथे एकमेकांकडून बळ घ्यायचं, जिथे वेगळा दिसतो तिथे ज्याचं त्याला ठेवायचं, आणि शेवटी ज्यांच्यासाठी वापरायचं त्यांच्याच थोड्या नमुन्यांवर मिश्रणाचं प्रमाण ठरवायचं. त्यात एक सुंदर गोष्ट घडते. आफ्रिकी वंशाच्या लोकांत तुकडे लहान असल्याने शंभर संशयित अक्षरांतलं खरं कोणतं ते त्यांच्यामुळे लवकर उघडं पडतं, आणि खरं घर सापडलं की ते सगळ्यांच्याच उपयोगी येतं. पीसीएसके९ या जनुकाची गोष्ट अशीच. अमेरिकेत डॅलसमधल्या अभ्यासात काही कृष्णवर्णीय लोकांमध्ये या जनुकाची एक प्रत जन्मतःच बंद असलेली आणि त्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खूप कमी असलेलं दिसलं. २००६ साली समजलं की असे बदल असलेल्या कृष्णवर्णीय लोकांत हृदयविकार ८८ टक्के कमी होता. त्यावरून तयार झालेली इंजेक्शनं २०१५ पासून बाजारात आहेत, आज ती पणजीतही मिळतात आणि घेणारा कुठल्या वंशाचा आहे हे त्या औषधाला विचारावं लागत नाही.

पण मुलाला एक गोष्ट ठळक सांगायची आहे. गणित कितीही हुशार असलं तरी नसलेली माहिती त्यातून निर्माण होत नाही. आपल्या लोकांचे नमुने कमी असतील तर पद्धत शेवटी युरोपीय वजनांवरच टेकते. अपवाद तिथे, जिथे रोगाचा जनुकीय भार थोड्याच मोठ्या जागांवर असतो. टाइप १ मधुमेह हे त्याचं चांगलं उदाहरण, तिथे बराचसा भार एचएलए या, रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित, एकाच भागात आहे. पुण्यातल्या रुग्णांवर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कामात युरोपात बनवलेल्या स्कोअरने टाइप १ आणि टाइप २ वेगळे करण्याचं काम जवळपास तितकंच चांगलं केलं: १ म्हणजे पूर्ण अचूक या मापावर युरोपीय लोकांत ०.८७, भारतीयांत ०.८४. सडपातळ तरुण मधुमेही समोर येतो आणि इन्सुलिन लगेच लावायचं की नाही हे ठरवायचं असतं तेव्हा हा स्कोअर खरोखर हाताशी असावा असं मला वाटतं. हृदयविकाराच्या स्कोअरला मात्र अशी सवलत नाही, त्याचा भार लाखो जागांवर विखुरलेला आहे.

माहितीच्या बाजूने सर्वांत मोठं पाऊल म्हणजे जीनोम इंडिया. २०२० साली सुरू झालेल्या या सरकारी प्रकल्पात २० संस्थांनी मिळून देशभरातल्या समाजांतले सुमारे १० हजार जीनोम पूर्ण वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती फरिदाबादच्या डेटा केंद्रातून संशोधकांना खुली झाली. याने दोन गोष्टी लगेच सुटतात. एक, तुलनेची रांग आपली होते. दुसरी, चिपने न वाचलेली अक्षरं शेजारच्या अक्षरांवरून भरून काढताना आपलाच नमुना वापरता येतो, त्यामुळे भरणा कमी चुकतो.

तरीही यातून जे मिळत नाही तेच मला जास्त सतावतं. दहा हजार लोकांचा डीएनए आज वाचला, काही मापं घेतली, पण त्यांतल्या कोणाला पुढच्या पंधरा वर्षांत झटका आला हे कोण लिहून ठेवणार? यूके बायोबँकेची खरी ताकद पाच लाख नळ्यांत नाही. त्या लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी आणि मृत्यूच्या नोंदी वर्षानुवर्षं त्या नळ्यांना जोडल्या जातात, यात आहे. जीनोम वाचणं दरवर्षी स्वस्त होतं आहे. माणसाच्या मागे वीस वर्षं चालत राहणं स्वस्त होत नाही. मला निधी वाटायला दिला तर निम्म्याहून जास्त पैसा मी या पाठपुराव्याला देईन.

आणि हे करायला गोव्याइतकी सोयीची जागा देशात थोडीच असेल. २०११ च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख होतो. गंभीर आजारी माणूस पेडण्याचा असो की काणकोणचा, बहुतेक वेळा बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, म्हणजे गोमेकॉतच येतो. झटका आलेल्यांना तिथवर वेळेत पोचवणारी स्टेमी योजना इथे चालते, म्हणजे कोणाला, कोणत्या वयात, कसा झटका आला याची नोंद गोळा होण्याची जागा तयार आहे. एका तालुक्यातले दहा हजार लोक घेऊन त्यांना पंधरा वर्षं सोडायचं नाही असं ठरवलं, तर इथला मधुमेह आणि इथला हृदयविकार यांच्यासाठी स्कोअर बसवून घेण्याइतकी माहिती मिळेल.

अडचणी कुठे येतात ते मी जवळून पाहिलं आहे. एकाच माणसाच्या नावाचं स्पेलिंग पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत एक, आधारवर दुसरं, केसपेपरवर तिसरं. संगणकाला ते तीन माणसं वाटतात. उपाशीपोटी रक्त द्यायला या म्हटलं की लोक चहा घेऊन येतात, कारण चहा म्हणजे खाणं नव्हे असा सगळ्यांचा समज, मग साखरेचा आकडा वाया. पहिल्या शिबिरात आमचे कितीतरी नमुने असे गेले. दुसऱ्या वेळी आम्ही आदल्या संध्याकाळी घरोघरी फोन केले, ‘उद्या चहासुद्धा नको’, आणि रक्त दिल्यावर तिथेच चहा-भाजीपाव ठेवला.

त्याच शिबिरात, सत्तरीतल्या एका देवळाच्या सभामंडपात, एका आजींनी बाही वर सरकवण्याआधी विचारलं, ‘तुम्हाला माझं रक्त मिळेल बाबा. मला काय मिळेल?’ मी त्यांना खरं तेच सांगितलं. आज संध्याकाळी साखर आणि कोलेस्टेरॉलचे आकडे मिळतील आणि वाईट आले तर आम्ही फोन करू. जनुकांचं जे निघेल ते बहुधा तुमच्या नातवंडांच्या कामाला येईल, तुमच्या नाही. त्यांनी थोडा विचार केला, सोबतच्या सुनेला म्हणाल्या, ‘तू पण दे,’ आणि हात पुढे केला. संमतीपत्रावर आठ पानं होती. त्यांची संमती मला या दोन वाक्यांत मिळाली असं मी मानतो, आणि तेव्हापासून आठ पानांची सुरुवात आम्ही त्याच दोन वाक्यांनी करतो. नमुना परत मागण्याचा हक्क, माहिती कोणाला दिली जाईल, कंपनीला दिली तर गावाला काय, ही उत्तरं स्पष्ट नसतील तर लोक दुसऱ्यांदा येत नाहीत, आणि त्यांनी का यावं?

ताई, आता पुन्हा तुमच्या घराकडे. डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी न्या. पहिली, गोळी सुरू होण्याआधीचा लिपिड प्रोफाइलचा, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीचा कागद. त्यात एलडीएल १९० किंवा वर असेल तर कोलेस्टेरॉल वाढवणारा एकाच जनुकातला घराण्याचा दोष आहे का ते वेगळं तपासावं लागतं, आणि बेरजेचा स्कोअर तो दोष पाहत नाही. तसं निघालं तर दिरांची मुलं आणि तुमचा मुलगा यांचंही कोलेस्टेरॉल आत्ताच बघायला हवं. दुसरी, एका कागदावर वंशावळ: सासऱ्यांची भावंडं, त्यांची मुलं, कोणाला कोणत्या वयात काय झालं. आत्याबाई असतील तर त्यांच्याशी बसा, बायकांना हे सगळं पाठ असतं. तिसरी, लायपोप्रोटीन-ए या तपासणीबद्दल विचारणा. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती नसते. हे प्रमाण बहुतांशी वारशाने ठरतं, आयुष्यभर फारसं बदलत नाही, म्हणून एकदाच करावी लागते, आणि कमी वयात झटके येणाऱ्या घरात ती मला ३१ या आकड्यापेक्षा जास्त काही सांगते.

आणि चिरंजीवांसाठी एक काम. पीजीएस कॅटलॉग नावाचा खुला संग्रह आहे. त्यात नोंदलेला प्रत्येक स्कोअर कोणत्या वंशाच्या किती लोकांवर बनवला आणि कोणावर तपासला ते तिथे आकृतीसह दिलेलं असतं. बाबांच्या अहवालात कोणता स्कोअर वापरला ते कंपनीला ईमेलने विचार आणि तिथे शोध. नाव सांगायला ते तयार नसतील तर तेही उत्तरच आहे. चाचणीची कच्ची फाइल मात्र आजच उतरवून दोन ठिकाणी ठेव. अक्षरं आयुष्यभर तीच राहतात, वजनं सुधारत जातात, आणि दोन-चार वर्षांनी भारतीय नमुन्यांवर बसवलेला चांगला स्कोअर आला की पुन्हा थुंकी न देता त्याच फाइलवर नव्याने बेरीज करता येईल. तोवर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाबा गोळी घेतात का, एवढं रोज फोनवर विचारत जा.